मॉड्युलेटरमध्ये विजेची वाट प्रकाशाशी जुळवायची कशी? वेग, इंपीडन्स, लॉस सगळ्यावर बोलू

सह्यकडा
नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी सिलिकॉनचा माख-झेंडर मॉड्युलेटर डिझाइन करतोय. आर्मची लांबी ३ मिमी, उलट्या बायसचं पीएन जंक्शन, वरून कोप्लेनर लाइन (एकाच पातळीत सिग्नलची पट्टी आणि शेजारी ग्राउंड). जंक्शनचा कपॅसिटन्स मिलिमीटरला ०.२ पिकोफॅरड आहे आणि सिरीज रेझिस्टन्स १० ओहम-मिमी. वेव्हगाइडचा ग्रुप इंडेक्स (निर्वातापेक्षा प्रकाश किती पट हळू चालतो तो आकडा) ३.८ येतो म्हणून लाइनचा आरएफ इंडेक्सपण (विजेच्या लहरीचा तसाच आकडा) ओढूनताणून ३.८ वर आणलाय. म्हणजे दोन्ही वेग जुळले, पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे आता बँडविड्थला अडवायला काही उरलं नाही, तरी रिस्पॉन्स ३ डीबीने पडायचा बिंदू ३० गिगाहर्ट्झच्या आसपासच येतोय. वर इंपीडन्स (लाइनवरच्या व्होल्टेज आणि करंटचं गुणोत्तर) ३६ ओहम दिसतो, गाइड म्हणतात ५० पाहिजे, ५० करायला गेलं की वेग हलतो. टेपआउट (डिझाइन चिप बनवायला पाठवणं) जवळ आलंय. दोन्ही एकदम जुळतात का, आणि ३० च्या वर जायला नेमकं काय अडवतंय, कोणी सांगू शकेल का?

मृद्गंध
विषय भारी दिसतोय पण डोक्यावरून गेला. मी बँकेत आहे, इंजिनियर नाही. मॉड्युलेटर म्हणजे काय आणि विजेची वाट कशाशी जुळवायची, हे कोणी साध्या मराठीत सांगेल का? खरंच समजून घ्यायचंय.

जुना_आरएफवाला
मृद्गंध, विचारलंत ते चांगलं केलंत. फायबरमधून जो डेटा जातो तो प्रकाशावर चढवणारा भाग म्हणजे मॉड्युलेटर. माख-झेंडरमध्ये प्रकाश दोन वाटांमध्ये विभागतो, दोन्ही वाटांवर विजेने ढकलून प्रकाशाच्या लहरीची फेज, म्हणजे चढउताराची वेळ, थोडी पुढेमागे करतात, आणि शेवटी दोन्ही परत एकत्र येतात. फेज जुळली तर उजेड, उलटी झाली तर अंधार. हेच एक आणि शून्य.

आता गोम अशी की वीज एका झटक्यात जेवढं ढकलते ते फार कमी असतं, म्हणून वाट लांब ठेवावी लागते आणि वीजसुद्धा लहर बनून प्रकाशाच्या शेजारून धावत नेतात. दादरहून सुटलेल्या दोन लोकल शेजारच्या रुळांवर धावताहेत आणि एका दारातून दुसऱ्या दारात जेवणाचे डबे द्यायचेत असं समजा. वेग सारखा असेल तर कुर्ल्यापर्यंत देत राहता येईल, एक गाडी मागे पडली तर समोर दुसरंच दार येतं, दुसराच माणूस. मॉड्युलेटरमध्ये तर त्याहून वाईट होतं, कारण मागच्या बिटची वीज पुढच्या बिटच्या प्रकाशाला उलट ढकलते आणि आधी केलेलं पुसलं जातं.

जुन्या लिथियम नायोबेटच्या मॉड्युलेटरमध्ये हा प्रश्न फार मोठा होता. त्या स्फटिकात प्रकाशाचा इंडेक्स सुमारे २.२, पण त्यावर नुसती सोन्याची लाइन टाकली की आरएफचा इंडेक्स ४.२ च्या आसपास जातो, म्हणजे वीज जवळपास निम्म्या वेगाने चालते. ४ सेंमी लांबीवर वीज २६७ पिकोसेकंद मागे पडते आणि १० गिगाबिटचा एक बिट असतो १०० पिकोसेकंदांचा. हिशोबाचं सूत्र सोपंय, ०.४४ गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले इंडेक्समधला फरक आणि लांबी यांचा गुणाकार. त्यातून बँडविड्थ येते १.७ गिगाहर्ट्झ. मग लोकांनी काय केलं, स्फटिक आणि इलेक्ट्रोडच्या मध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा थर घातला, सोनं प्लेटिंग करून पंधरा-वीस मायक्रॉन जाड केलं, म्हणजे विद्युत क्षेत्राचा बराच भाग हवेत आणि काचेत राहतो आणि लहर वेगात येते. पण क्षेत्र बाहेर गेलं म्हणजे प्रकाशाला मिळणारा धक्का कमी झाला, व्होल्टेज वाढलं. पुढे या धाग्यात जे जे येईल त्यात हीच ओढाताण दिसेल.

मृद्गंध
आता कळलं. खूप आभार. पुढचं वाचत राहते.

जुना_आरएफवाला
आता सह्यकडा, तुझा प्रश्न. सिलिकॉनमध्ये गोष्ट बरोबर उलटी असते. तिथे नुसत्या लाइनवर वीज प्रकाशाच्या पुढे पळते. सिलिकॉनच्या सबस्ट्रेटवर कोप्लेनर लाइनचा इंडेक्स २.५ च्या आसपास आणि प्रकाशाचा ३.८. जंक्शनचा कपॅसिटन्स लाइनला जोडला की ती मंदावते, म्हणजे वेग जुळवण्याचं निम्मं काम जंक्शन आपणहून करतं. पण त्याची किंमत इंपीडन्समध्ये जाते.

कागदावर करून बघ. इंडेक्स म्हणजे प्रकाशाचा वेग गुणिले एल-सी चं वर्गमूळ, आणि इंपीडन्स म्हणजे एल भागिले सी चं वर्गमूळ (एल लाइनचा इंडक्टन्स, सी कपॅसिटन्स). तुला ३.८ आणि ५० दोन्ही पाहिजेत तर मिलिमीटरला एल ०.६३ नॅनोहेन्री आणि सी ०.२५ पिकोफॅरड आला पाहिजे, दुसरा पर्याय नाही, दोन समीकरणं दोन अज्ञात. त्या ०.२५ मधले ०.२ तुझ्या जंक्शननेच खाल्ले. लाइनच्या स्वतःच्या वाट्याला ०.०५ उरले, आणि एवढ्या कमी कपॅसिटन्सची लाइन म्हणजे विनाभार (जंक्शन न जोडता नुसत्या लाइनचा) इंडेक्स १.७५. सिलिकॉनवर हे बसत नाही, सबस्ट्रेट खालून कोरून काढला तर वेगळी गोष्ट.

आता विनाभार इंडेक्स २.५ धरून ३.८ जुळव. एल येतो ०.४५५, सी एकूण ०.३५ आणि इंपीडन्स ३६. तुझ्या सिम्युलेटरने हाच आकडा दिलाय. म्हणजे डिझाइन चुकलेलं नाही, त्या जंक्शनबरोबर निसर्ग एवढंच देतो.

सह्यकडा
सर, हे इतकं सरळ करून कोणी सांगितलं नव्हतं. वही काढून परत केलं, आकडे तंतोतंत जुळले. मग ३६ वरच राहू का? आणि ३० गिगाहर्ट्झचं कोडं?

चिपळूणकर_इन_बंगलोर
३० चं मी सांगतो, आमच्या टीममध्ये नव्याने आलेला प्रत्येक जण इथेच अडकतो. वेग जुळला की सूत्रातला फरक शून्य होतो आणि सगळ्यांना वाटतं बँडविड्थ अनंत झाली, पण ते सूत्र बिनलॉसच्या लाइनचं आहे. वेग पूर्ण जुळलेला असताना बँडविड्थ लॉस ठरवतो, आणि त्याचा नियम पाठ करून ठेव, ज्या फ्रीक्वेन्सीला पूर्ण लाइनचा इलेक्ट्रिकल लॉस ६.४ डीबी होतो तिथे इलेक्ट्रो-ऑप्टिक रिस्पॉन्स ३ डीबी पडलेला असतो. कारण सरळ आहे, सुरुवातीला वीज पूर्ण जोरात असते आणि शेवटाला निम्म्याखाली गेलेली, प्रकाशाला मिळतो तो दोन्हींचा सरासरी धक्का.

आता तुझा लॉस येतो कुठून. धातूचा स्किन इफेक्टचा लॉस फ्रीक्वेन्सीच्या वर्गमुळाने वाढतो, तो सगळ्यांना माहीत असतो. पण सिलिकॉनमध्ये खरा खलनायक सिरीज रेझिस्टन्स. जंक्शन चार्ज-डिस्चार्ज होताना करंट त्या डोप केलेल्या स्लॅबमधून जातो आणि तिथे वीज जळते. हा लॉस फ्रीक्वेन्सीच्या वर्गाने, कपॅसिटन्सच्या वर्गाने, आणि रेझिस्टन्स व इंपीडन्सच्या पटीत वाढतो. तुझे आकडे टाकले, १० ओहम-मिमी, ०.२ पिकोफॅरड, ३६ ओहम, तर ३ मिमीला ६.४ डीबी येतात साधारण ३० गिगाहर्ट्झला! म्हणजे मिस्टरी संपली, वेग जुळवण्यात आणखी एक तासही घालवू नकोस. तुझी बँडविड्थ डोपिंगमध्ये अडकलीये.

सह्यकडा
अरे वा. म्हणजे पी-प्लस, एन-प्लस (जास्त डोप केलेले भाग) जवळ आणायचे?

चिपळूणकर_इन_बंगलोर
आणता येतात, पण प्रकाशाच्या मोडला भिडले की ऑप्टिकल लॉस वाढतो, फ्री कॅरियर प्रकाश शोषतात. ज्या प्लाझ्मा डिस्पर्शनवर (फ्री कॅरियरची संख्या बदलली की इंडेक्स बदलतो) हा मॉड्युलेटर चालतो, १९८७ मध्ये सोरेफ आणि बेनेट यांनी ज्याचे आकडे मांडले, त्याचीच ही दुसरी बाजू. मधल्या ताकदीचं डोपिंग पायऱ्यापायऱ्यांनी दे, फाउंड्रीच्या पीडीकेमध्ये (चिप बनवणाऱ्यांच्या डिझाइन-संचात) मधली पायरी बहुतेक असतेच.

पण माझं स्पष्ट मत, तू सिरीज पुश-पुलला जा. दोन्ही आर्मची जंक्शनं पाठीला पाठ लावून सिरीजमध्ये. कपॅसिटन्स निम्मा, रेझिस्टन्स दुप्पट, आणि लॉस कपॅसिटन्सच्या वर्गाने जात असल्यामुळे एकूण गुणाकार निम्मा. इंपीडन्स ५० केला की त्यातलं थोडं परत जातं तरी फायदा राहतोच. व्होल्टेज दोन जंक्शनमध्ये वाटलं जातं हा तोटा, ड्रायव्हर तगडा लागेल. मध्यभागी बायस द्यायला इंडक्टर किंवा मोठा रेझिस्टर लागतो तो विसरू नकोस.

आणि सिग्नलची वायर एकच, म्हणून पी आणि एन (पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सिग्नलच्या तारा) ची लांबी जुळवायचा प्रश्नच चिपवर येत नाही. मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

जुना_आरएफवाला
+१. आणि इंपीडन्सपण सुटतो. ०.१ पिकोफॅरड आणि विनाभार २.५ घेऊन ५० ओहम बसवले तर इंडेक्स ३.३६ येतो. ३.८ पेक्षा ०.४४ कमी, बघायला मोठं वाटतं, पण ३ मिमी लांबीवर त्या फरकाची मर्यादा १०० गिगाहर्ट्झला आहे. म्हणजे वेग थोडा सोडून दिला तरी काही बिघडत नाही, लॉस त्याच्या कितीतरी आधी मारणार आहे. लांबी कमी असली की वेगाचं मॅचिंग माफ असतं. ४ सेंमीच्या जुन्या नायोबेटवाल्यांना ही चैन नव्हती.

सह्यकडा
आणि ३६ ठेवले आणि ड्रायव्हर ५० चा असेल तर?

जुना_आरएफवाला
५० मधून ३६ मध्ये गेल्यावर परत येणारी लहर उणे १५.८ डीबी. बऱ्याच ठिकाणी चालून जाते. २५ झाले तर उणे ९.५, ते मी सहन करणार नाही. खरा घोटाळा टर्मिनेशनमध्ये होतो, लाइन ३६ ची आणि शेवटी सवयीने ५० चा रेझिस्टर लावतात. टर्मिनेशन लाइनच्या इंपीडन्सलाच ठेव, कधीकधी मुद्दाम किंचित कमी ठेवतात म्हणजे खालच्या फ्रीक्वेन्सीचा रिस्पॉन्स थोडा दबतो आणि वक्र सपाट दिसतो. गाइडना हे गणित दाखव. ५० ही मोजणीच्या उपकरणांची सोय आहे, ड्रायव्हर आणि मॉड्युलेटर एकत्र डिझाइन करायचे असतील तर ५० वर अडून बसायचं कारण नाही.

दूरदेशी
मी पातळ फिल्मच्या लिथियम नायोबेटवर काम करते म्हणून त्या बाजूचं लिहिते. वर जुन्या नायोबेटची अडचण आली, ती पातळ फिल्मने बरीच सुटली. इथे स्फटिक काही शे नॅनोमीटरचाच असतो, खाली काच, त्यामुळे आरएफचा इंडेक्स २.२ च्या जवळ आणता येतो आणि इलेक्ट्रोडपण वेव्हगाइडला चिकटून ठेवता येतात. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि नोकिया बेल लॅब्सच्या लोकांनी नेचरमध्ये दाखवलं, २० मिमी लांबीला १.४ व्होल्टमध्ये पूर्ण पाय फेज (म्हणजे उजेडापासून अंधारापर्यंत), आणि ५ मिमीच्या छोट्या डिव्हाइसची बँडविड्थ १०० गिगाहर्ट्झपर्यंत.

पण इथे जंक्शन नाही तरी धातूचा लॉस आहेच. समजा लॉस ०.७ डीबी प्रति सेंमी प्रति वर्गमूळ गिगाहर्ट्झ. तोच ६.४ चा नियम लावा, १ सेंमीला ८४ गिगाहर्ट्झ आणि २ सेंमीला २१. लांबी दुप्पट केली तर व्होल्टेज निम्मं होतं पण बँडविड्थ चौथाई. म्हणून मग सेगमेंटेड इलेक्ट्रोड आले, मुख्य लाइन रुंद आणि तिला छोटे छोटे टी आकाराचे दात, करंट रुंद भागातून जातो म्हणून लॉस कमी आणि दात प्रकाशाच्या जवळ म्हणून धक्का पूर्ण. मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे दातांनी कपॅसिटन्स वाढतो, लाइन मंदावते, जुळलेला वेग परत बिघडतो. मग २०२१ च्या कामात लोकांनी खालचा सिलिकॉनच काढला आणि क्वार्ट्झचा सबस्ट्रेट घेतला, म्हणजे विनाभार लाइन आणखी वेगवान झाली आणि दातांनी मंदावून बरोबर जागेवर आली. इलेक्ट्रोडचा आकार बदलायचा म्हणून अख्खा वेफर बदलला!

दात किती अंतरावर ठेवायचे यालाही हद्द आहे. पिरियड आरएफच्या तरंगलांबीच्या अर्ध्याला पोचला की लाइन फिल्टर बनते. सह्यकडा, तू पण सिलिकॉनवर दात घालणार असशील तर ३.८ इंडेक्सला ५० मायक्रॉनचा पिरियड असेल तर ही हद्द ७९० गिगाहर्ट्झला आहे, पण आळस करून ५०० ठेवलास तर ७९ ला येईल आणि त्याच्या बरंच आधीपासून वेग ढळायला लागेल.

गणेशखिंड
ताई, तुमच्याकडे चिप लहान करायला मॉड्युलेटर यू-टर्न करून दुमडतात ना? तिथे दोन वाटांची लांबी कशी जुळवता?

दूरदेशी
फार छान प्रश्न, यावर खूप कमी लिहिलं जातं. वळणावर बाहेरची वाट लांब आणि आतली आखूड. ग्राउंड-सिग्नल-ग्राउंड लाइनच्या दोन गॅपमध्ये ६० मायक्रॉन अंतर असेल तर १८० अंशाच्या वळणात फरक पाय गुणिले ६०, म्हणजे १८८ मायक्रॉन, २.२ इंडेक्सला जवळजवळ १.४ पिकोसेकंद. वीजसुद्धा दोन गॅपमध्ये पुढेमागे होते, दोन्ही ग्राउंडचं पोटेन्शियल वेगळं होतं आणि भलताच स्लॉटलाइन मोड उठतो, म्हणून वळणाच्या दोन्ही टोकांना एअरब्रिज किंवा बाँडवायरने ग्राउंड एकमेकांना बांधायचे.

एक्स-कट नायोबेटमध्ये आणखी एक भानगड. स्फटिकाचा झेड अक्ष चिपवर एकाच दिशेला असतो, तो वळत नाही. बाहेरच्या आर्मवर क्षेत्र बाहेरच्या बाजूला असतं, वळणाआधी ती दिशा झेडच्या बाजूने असेल तर वळणानंतर झेडच्या उलट होते. म्हणजे जाताना मिळालेली फेज येताना पूर्ण कापली जाते! उपाय असा की वळणात दोन ऑप्टिकल वेव्हगाइड एकमेकांना ओलांडून नेतात, बाहेरचा आत आणि आतला बाहेर. मग फेजचं चिन्ह सरळ होतं, आणि क्रॉसिंग वळणाच्या बरोबर मध्यावर ठेवलं तर दोन्ही आर्मनी अर्धं वळण बाहेरून आणि अर्धं आतून काढलेलं असतं, लांबीपण आपोआप जुळते. सगळ्यात शेवटी वळणात प्रकाशाला लागलेला वेळ आणि विजेला लागलेला वेळ यांचा हिशोब वेगळा करायचा. वळणात मॉड्युलेशन होत नसलं तरी दोघे दुसऱ्या टप्प्याला एकाच क्षणी पोचले पाहिजेत, गरज पडली तर प्रकाशाची वाट थोडी नागमोडी करायची.

गणेशखिंड
क्रॉसिंगचं अजिबात माहीत नव्हतं. हे जपून ठेवतो.

पॅकेजवाली
इतका वेळ सगळे चिपवर बोलताय, मला राहवलं नाही. ड्रायव्हरच्या पॅडपासून टर्मिनेशनपर्यंतची पूर्ण वाट धरा हो. बोर्ड, पॅकेज, बंप, चिप. चिपवर अर्धा पिकोसेकंद वाचवून बोर्डवर दहा घालवणारे प्रोजेक्ट मी पाहिलेत.

पहिली गोष्ट, मिलिमीटर जुळवू नका, पिकोसेकंद जुळवा. ३.५ डायइलेक्ट्रिकच्या लॅमिनेटवर आतल्या थरातली स्ट्रिपलाइन मिलिमीटरला ६.२ पिकोसेकंद घेते आणि वरची मायक्रोस्ट्रिप सुमारे ५.५, कारण तिच्या क्षेत्राचा काही भाग हवेत आहे. आय चॅनल वरून आणि क्यू आतून नेला (आय आणि क्यू म्हणजे एकाच लहरीवर ९० अंशांच्या फरकाने चढवलेले दोन सिग्नल) आणि दोन्ही बरोबर २० मिमी ठेवले तर लेआउट टूल हिरवा टिक देईल आणि प्रत्यक्षात १४ पिकोसेकंदांचा फरक असेल. ६४ गिगाबॉडला एक सिंबॉल १५.६ पिकोसेकंदांचा. कोहेरंट मॉड्युलेटरला दोन पोलरायझेशनचे आय-क्यू मिळून चार लाइन, त्या चारही एकाच थरात, सारख्याच व्हाया (थर जोडणारी भोकं), सारखीच वळणं. आय-क्यू मधला उरलेला ठरावीक फरक डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) काढून टाकतो हे खरंय, पण डिफरन्शियल जोडीतल्या पी आणि एन मधला फरक डीएसपीला दिसतच नाही, तो मॉड्युलेटरमध्ये शिरून बसतो.

त्याचा परिणाम आकड्यात सांगते. ४० गिगाहर्ट्झला पी-एन मध्ये १ पिकोसेकंद म्हणजे १४ अंश, ताकद जवळपास तेवढीच राहते पण चर्प (प्रकाशाची फ्रीक्वेन्सी हलणं) यायला लागतो. ५ पिकोसेकंद म्हणजे ७२ अंश, पुश-पुलचा जोर ०.८१ वर येतो, म्हणजे १.८ डीबी गेले, आणि उरलेली बरीचशी वीज कॉमन मोड बनून दोन्ही आर्मना एकाच बाजूला ढकलते. लांबी भरायला नागमोडी वळणं टाकायची तर जिथे फरक पडला तिथेच, वळणाला लागूनच टाका. दहा मिलिमीटर पुढे टाकली तर मधल्या भागात जोडी बिघडलेलीच धावते.

आणि वायरबाँड. मिलिमीटरला अंदाजे १ नॅनोहेन्री. ०.३ मिमीची छोटी तार धरली तरी ४० गिगाहर्ट्झला ७५ ओहमचा रिॲक्टन्स. चिपवर ३६ की ५० असा वाद घालायचा आणि दारात ७५ उभे करायचे याला अर्थ नाही. फ्लिप-चिप करता येत असेल तर करा, नाहीतर दोन-तीन तारा शेजारी लावा आणि पॅडचा कपॅसिटन्स त्या इंडक्टन्सबरोबर धरून ट्यून करा.

सह्यकडा
पॅकेजवाली ताई, आमच्याकडे प्रोब स्टेशनवरच मोजणार आहे, पॅकेज नाही. तरी यातलं काय लागू?

पॅकेजवाली
पॅड डी-एम्बेड करायला (मोजणीतून पॅडचा परिणाम वजा करायला) ओपन, शॉर्ट, थ्रू या चाचणी-रचना त्याच चिपवर ठेव, नंतर जागा नव्हती म्हणून राहिलं असं होऊ देऊ नकोस. आणि मोजताना एस-११ (परत येणाऱ्या लहरीचं मोजमाप) च्या वक्रातले चढउतार बघ. ३ मिमी, ३.८ इंडेक्स, दोन्ही टोकांना परावर्तन असेल तर चढउतार दर १३ गिगाहर्ट्झला दिसतील. अंतर याहून मोठं असेल तर परावर्तन लाइनच्या मध्येच कुठेतरी आहे, लहान असेल तर केबल किंवा प्रोबच्या बाजूला शोध.

चिपळूणकर_इन_बंगलोर
अजून एक. जंक्शन नसलेली नुसती लाइन पण एक टाक, तिच्यावरून विनाभार इंडेक्स खरा किती ते कळतं. सिम्युलेटरमधला २.५ आणि फाउंड्रीचा २.५ सारखा असेलच असं नाही, सबस्ट्रेटची रेझिस्टिव्हिटी बदलली की लॉस कुठल्या कुठे जातो. आणि ३ मिमीच्या जोडीला १.५ मिमीची एक टाक.

रानवाटा
लहर धावती ठेवण्याऐवजी तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगळा छोटा ड्रायव्हर लावला तर? आम्ही तसं करतो. २०० मायक्रॉनचा तुकडा, प्रकाशाला तो ओलांडायला २.५ पिकोसेकंद, तेवढाच उशीर सर्किटमध्ये प्रत्येक पुढच्या ड्रायव्हरला देतो. इंपीडन्सचा प्रश्नच नाही, टर्मिनेशन नाही.

जुना_आरएफवाला
चांगला मार्ग आहे, पण उशीर देणारी सर्किटं तापमानाने आणि प्रोसेसने सरकतात, त्यांना कॅलिब्रेशन लागतं, आणि ड्रायव्हर मॉड्युलेटरला अगदी खेटून पाहिजे. सह्यकडाकडे ड्रायव्हरची चिपच नाही. एम.टेक.ला सिरीज पुश-पुल पुरे.

सह्यकडा
ठरलं मग. सिरीज पुश-पुल, ५० ओहम, इंडेक्स ३.३६ ला सोडतो, मधल्या डोपिंगची पायरी, टर्मिनेशन लाइनच्या इंपीडन्सचं. ३ आणि १.५ मिमी, एक नुसती लाइन आणि डी-एम्बेडिंगचा संच. दात घातले तर पिरियड ५० मायक्रॉन. दूरदेशी, दातांमुळे विनाभार इंडेक्स २.५ च्या वर जाईल ना, मग ३.३६ पण ३.८ कडे सरकेल?

दूरदेशी
हो, त्याच दिशेने. विनाभार २.९५ केलास तर ५० ओहम आणि ३.८ दोन्ही एकदम बसतात, करून बघ: एल ०.६३, लाइनचा स्वतःचा सी ०.१५, जंक्शनचा ०.१. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे, जंक्शनचा कपॅसिटन्स निम्मा केला तरच दोन्ही जुळतात. पण ३ मिमीला त्याची गरज नाही, आधी साधी लाइन पाठव.